आईनं न बघितलेलं डोकं

माझी आई डोकी बघायची. आमच्या बोरगावाकडं एवढं सांगितलं की कुणाला पुढचं विचारावं लागत नसे. आता ते शब्दही गेले आणि ती माणसंही गेली, म्हणून फोड करून सांगते. डोकं बघणं म्हणजे उवा मारणं नव्हे. उवा काय, कुठलीही शेजारीण दारात बसून मारून देई. केस कशानं गळतात, टाळूवर उठलंय ते काय आहे, त्याला औषध आहे की नुसता धीर धरायचा, हे ओळखून सांगणं म्हणजे डोकं बघणं. निपाणीला तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायका, मळ्यातल्या बायका, माहेरपणाला आलेल्या पोरी, सगळ्या दुपारची भांडी झाली की आमच्या कट्ट्यावर येऊन बसत. न्हाव्याकडं बायकांनी डोकं दाखवायची सोय नव्हती आणि दवाखान्यात केसांचं रडगाणं कोण ऐकून घेणार? म्हणून आई.

तिची पद्धत ठरलेली होती. आदल्या दिवशी तेल लावायचं नाही. उन्हाकडं पाठ करून बसायचं. आई मांडीवर एक पांढरं धडपं पसरायची आणि लाकडी फणीनं केस विंचरून त्यावर काय पडतं ते आधी बघायची. मग भांग पाडत पाडत सगळं डोकं तपासायची. नाक जवळ नेऊन वास घ्यायची. शेवटी दोन बोटांत चार केस धरून हलकेच ओढायची. केस मुळासकट आला की मधूनच तुटला यावर तिचं निम्मं काम व्हायचं. तोवर ती एक शब्द बोलत नसे, आणि समोरची बाई मात्र सासूपासून शेजारणीपर्यंत सगळं सांगून मोकळी झालेली असे.

बऱ्याच जणींना ती काही औषध देतच नसे. बाळंतपणानंतर मूठ मूठ केस जातात म्हणून रडत आलेल्या पोरीला ती विचारायची, "लेकरू हसाय लागलं का?" लागलं म्हटलं की, "मग गळणारच. त्येचं दात येऊपत्तोर तुझं केस परत येत्यात. जा घरला." विषमज्वरातून उठलेलीला तेच. भारे वाहणाऱ्या बायकांच्या डोक्याच्या मधोमध केस उडालेले असत. त्यांना ती भाऱ्याखालची चुंबळ सोडून दाखवायला लावायची आणि चिंध्या बदलून मऊ चुंबळ करून द्यायची. एवढंच औषध.

एकदा एक सासू नव्या सुनेला दाखवायला घेऊन आली. सुनेच्या कानामागं रुपयाएवढं गुळगुळीत टक्कल पडलं होतं. सासू चार हात लांब, पदर नाकाला. गावात महारोगाची कुजबुज सुरू झालेली. आईनं सुनेला बसवलं, बाभळीचा काटा घेतला आणि न सांगता त्या डागावर टोचला. पोर अशी किंचाळली की कट्ट्याखालचं कुत्रं उठून पळालं.

"वरडली न्हवं?" आई सासूला म्हणाली. "मग ह्यो महारोग न्हवं. चाई हाय. कांदा चोळा, सा म्हैन्यात केस येत्यात. आन न्हाय आलं तर तुमचं द्या चार, तुम्हांस्नी लई हायेत."

सहा महिन्यांनी ती सून केस दाखवायला स्वतः आली. सासू आली नाही.

फक्त जटेला आई हात लावत नसे. जट आली म्हणून कुणी पोरीला घेऊन आलं की ती उठून हात जोडायची आणि "हे माझं काम न्हाय, देवीचं हाय" म्हणून आत जायची. जट आलेली पोर पुढं देवीला सोडली जाई. आईला खरंच तसं वाटायचं की ती भ्यायची, मला माहीत नाही. मला तेव्हाही त्याचा राग यायचा, आता जास्त येतो. पण आईच्या बाकीच्या कामात खोट काढायला मला जागा सापडत नाही, आणि मी सहजासहजी कुणाला सोडणारी बाई नव्हे.

दोन औषधांबद्दल मात्र नीट सांगायला हवं. डोक्यात उवा फार झाल्या, फणीला आवरेनात, की आमच्या भागात तंबाखूचं पाणी लावत. तंबाखू तर घराघरांत. पानं विकली तरी देठ आणि चुरा कोपऱ्यात पडलेलाच असे. तो उकळायचा, गाळायचा, गार करायचा, केसांच्या मुळांशी चोळायचा आणि थोड्या वेळानं शिकेकाईनं धुऊन टाकायचा. जनावरांच्या गोचडींना लावतात तेच हे. उवा मरून जात. दुसरं दुखणं म्हणजे खवडे. टाळूवर फोड येतात, ते फुटतात, त्यावर पिवळ्या खपल्या धरतात, वास येतो. त्याला एकच उपाय. डोकं भादरायचं, कडुनिंबाच्या पाण्यानं धुवायचं, करंजाचं तेल लावायचं. पोरगा असो की पोरगी, केस ठेवून खवडे बरे होत नाहीत असं आई म्हणे.

आणि या दोहोंच्या मधे तिचा एक कडक नियम होता. कातडं फुटलेलं असलं तर तंबाखू लावायची नाही. फुटक्या कातड्यातून ती रक्तात जाते आणि माणूस जातं. हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. पण दाट केसांत बारीकसा फोड डोळ्यांना दिसतोच असं नाही. म्हणून तंबाखूच्या आधी ती मिठाचं पाणी लावायची. सगळ्या डोक्याला बोटांनी ते पाणी लावायचं आणि विचारायचं, "झोंबतंय का?" कुठंही झोंबलं की तंबाखूचं भांडं उचलून बाहेर ओतून द्यायची.

हे सगळं मी तिच्या शेजारी बसून शिकले. नऊ-दहा वर्षांची होते तेव्हापासून भांग मी पाडायची, फणी मी धुवायची. कधी कधी आई मला आधी बघायला लावायची आणि मग स्वतः बघायची. माझं बरोबर आलं की तिथं बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायची, "माझी पोर माझ्याइतकंच बघती." मी अशी फुगायचे की विचारू नका.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या मामाचं लग्न ठरलं. मामा निपाणीत राहायचा. माझी धाकटी बहीण सहा वर्षांची होती आणि तिला धाकटी करवली म्हणून नवरदेवाच्या मागं उभं राहायचं होतं. मामानं तिच्यासाठी परकराचं कापड पाठवलं आणि वेणीला बांधायला लाल गोंडे पाठवले. त्या पोरीनं ते गोंडे उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली. मला त्यातलं काही आलं नव्हतं. करवली एकच लागते आणि मी मोठी, घोडी झालेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण पुढं जे झालं ते त्या रागापायी झालं नाही, हे मी देवाशपथ सांगते. ते मायेपायी झालं, आणि म्हणूनच मला स्वतःला माफ करता येत नाही.

लग्नाला चार दिवस होते. धाकटीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या आणि पाहुण्यांत नाक कापलं जाऊ नये म्हणून त्या दिवशी तिचं डोकं साफ करायचं ठरलं. नेमके तेव्हाच आईचे डोळे आले. दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते, उजेड सोसत नव्हता. ती आतल्या खोलीत डोळ्यांवर तुरटीच्या पाण्याची पट्टी ठेवून पडली होती. तंबाखूचं पाणी तिनं सकाळीच चाचपडत करून ठेवलं होतं.

"तूच बघ गं," ती आतून म्हणाली. "आधी नीट बघ. मग मीठ लाव. मग मला सांग."

मी धाकटीला कट्ट्यावर उन्हात बसवलं आणि भांग पाडला. उवा होत्याच. पण मागं, मानेच्या वर, केसांच्या गर्दीत पाच-सहा खवडे होते. लहान होते, दोन फुटलेले, खपली धरलेले. मला ते ओळखायला एक क्षणही लागला नाही.

"खवडं झाल्यात तुला," मी म्हणाले.

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. सहा वर्षांची पोर, पण तिला सगळं कळत होतं. आमच्याच कट्ट्यावर वाढलेली ती. खवडे म्हणजे न्हावी, न्हावी म्हणजे वस्तरा. आणि भादरलेल्या डोक्याची बाई किंवा पोर लग्नाच्या मांडवात चालत नाही, पुढं उभी करणं तर लांबच. ते तर तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"आक्का, सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "आई डोकं भादरंल. मला करवली करणार न्हाईत."

मी मिठाचं पाणी घेतलं आणि बोटांनी लावायला लागले. मानेजवळ आले तेव्हा तिनं दोन्ही हातांनी कट्ट्याची कड घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ओठ दातांत धरलेला. पण आवाज काढला नाही.

आतून आईनं विचारलं, "झोंबतंय का गं?"

"न्हाय," धाकटी म्हणाली. आवाज अगदी धड काढला तिनं.

"बघितलंस का गं नीट?" हे मला.

मी धाकटीच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, पाच-सहा तर खवडे आहेत. लग्न झालं की मीच सांगेन. तंबाखूचं पाणी त्या जागी जरा कमी लावेन. असं सगळं एका क्षणात वाटून गेलं, आणि मी म्हणाले, "व्हय. धड हाय. झोंबलं न्हाय."

हे तीन तुकडे मी पुढं हजारो वेळा मनात म्हणून बघितले आहेत. दुसरं काहीही तोंडातून निघालं असतं तर चाललं असतं.

पाणी लावताना मी ती जागा टाळायचा प्रयत्न केला. पण पाणी ते, वरून लावलं की खाली ओघळणारच. धुवायचं पाणी चुलीवर होतं, लाकडं ओली होती, त्यात वेळ गेला. डोकं धुऊन झालं तेव्हाच ती म्हणाली, "आक्का, मला कसंतरी हुतंय." मग ओकली. मग तिला दरदरून घाम सुटला आणि अंग गार पडलं. तोंड पांढरंफटक. हातपाय झटकायला लागली. मी ओरडले तशी आई डोळ्यांवरची पट्टी फेकून धडपडत बाहेर आली, दाराला ठेचकाळली. तिनं धाकटीला हातानं चाचपलं आणि म्हणाली, "तंबाखू चढली."

मग माझ्या दिशेनं तोंड करून विचारलं, "डोकं धड हुतं न्हवं?"

तेव्हा तरी सांगायचं. पण मी परत "व्हय" म्हणाले. अकरा वर्षांची होते, भ्याले होते, हे सगळं खरं आहे. पण त्यानं ते "व्हय" पुसलं जात नाही.

आईनं तिचं डोकं परत धुतलं. घागरीवर घागर ओतली. आमचे वडील, आप्पा, मळ्यातून धावत आले, गाडी जुंपली, निपाणीच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून. गाडी गावाच्या वेशीपर्यंत गेली आणि परत फिरली. ऊन अजून कट्ट्यावरून हललंही नव्हतं.

लोक आले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं तेवढंच आयुष्य लिहिलेलं होतं. मला हे "लिहिलेलं होतं" ऐकलं की अजून अंगाची लाहीलाही होते. लिहिलेलं काही नव्हतं. मिठाच्या पाण्यानं सांगितलं होतं, ते आम्ही दोघी बहिणींनी दाबलं. आई मात्र कुणाचंच ऐकून घेत नव्हती. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एकच सांगायची, "माझ्या हातनं गेली." मी दाराआड उभी राहून ते ऐकायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बाहेर जावं आणि सांगावं. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी दुसरीच बाई रडायला लागायची आणि ती वेळ निघून जायची. मामाचं लग्न पुढं गेलं, मग झालं. आमच्याकडून आप्पा एकटे गेले.

आईचे डोळे आठवड्यात बरे झाले. पण त्यानंतर तिनं कुणाचंही डोकं बघितलं नाही. बायका यायच्या, कट्ट्यावर बसायच्या. ती आतूनच म्हणायची, "मला आता दिसत न्हाय गं." सुईत दोरा ती पहिल्या फटक्यात ओवायची, पण गावानं ते खरं धरलं. हळूहळू बायका येईनाशा झाल्या. मलाही तिनं परत कधी भांग पाडायला बसवलं नाही, आणि त्या दिवसाबद्दल परत कधी काही विचारलंही नाही. मी समजले, तिचा माझ्यावर विश्वास बसला. माझा शब्द खरा धरून ती स्वतःला दोष देत बसली आहे, आणि या जगात खरं काय ते फक्त मला माहीत आहे. हे ओझं घेऊन मी मोठी झाले.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. मला सांबऱ्याला दिली. यजमान शाळेत मास्तर होते. त्यांनी मला लिहावाचायला शिकवलं. माणूस भला, पण त्यांनाही मी हे कधी सांगितलं नाही. माहेरी गेले की ठरवून जायचे, या खेपेला आईला सांगायचंच. मग ती भाकरी थापत असायची, नाहीतर कुणी आलेलं असायचं, नाहीतर ती एखाद्या गोष्टीला हसलेली असायची आणि ते हसू घालवायचा मला धीर व्हायचा नाही. कारणं काय, शोधली की ढीगभर सापडतात.

पहिल्या बाळंतपणाला गेले, लेकरू तीन महिन्यांचं झालं आणि माझे केस जायला लागले. फणीत गुंतवळ इतकं यायचं की मी घाबरले. आईसमोर बसले आणि म्हणाले, "बघ की गं जरा." ती उठून लांब जाऊन बसली. तिकडूनच म्हणाली, "लेकरू हसाय लागलंय न्हवं?" एवढंच. मला रडू कोसळलं. तिला वाटलं मी केसांसाठी रडतेय.

त्याच मुक्कामात शेजारच्या गल्लीतल्या एका पोरीला सासरच्यांनी आणून सोडलं. डोक्यावर दोन जागी टक्कल पडलं होतं आणि त्यांनी महारोग ठरवून टाकला होता. तिची आई तिला घेऊन, पदर पसरून आमच्या दारात आली, एकदा बघा म्हणाली. आई उठली नाही. "मला दिसत न्हाय," म्हणाली. मी तिथंच होते. मी त्या पोरीचं डोकं बघितलं. गुळगुळीत, स्वच्छ, खाज नाही, खपली नाही. साधी चाई. मी ते बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या "धड हाय" म्हणण्याची किंमत मला ठाऊक होती. त्या पोरीला पुढच्या वर्षी भरभरून केस आले, पण तोवर नवऱ्यानं दुसरी केली होती. ती पोर जन्मभर माहेरीच राहिली. तिलाही मी माझ्या खात्यावर धरते.

आप्पा गेल्यावर मी आईला सांबऱ्याला घेऊन आले. तेव्हा दुसरी लढाई संपत आली होती. गावाशेजारच्या माळावर विमानं उतरायची आणि आई प्रत्येक विमानाला घाबरून कान झाकायची. मग लढाई संपली, इंग्रज जाणार अशी बोलणी सुरू झाली, यजमान रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. आईला त्यातलं कशाचंच काही नव्हतं. ती दिवसभर खाटेवर पडून असायची. आता तिला खरोखरच कमी दिसत होतं.

माझी धाकटी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला खवडे झाले. मी ते पहिल्या दिवशीच बघितले आणि त्याच दुपारी न्हाव्याला बोलावलं. दोन दिवसांवर तिच्या शाळेत कार्यक्रम होता, त्यात तिला फुलं घालून नाचायचं होतं. ती माझ्या पाया पडली, लोळली, मला नाही नाही ते बोलली. मी ऐकलं नाही. तिचे हात धरून बसले आणि तिचं डोकं चकोट करून घेतलं. ती संध्याकाळपर्यंत हुंदके देत होती. मी कडुनिंबाचा पाला उकळत ठेवला आणि सगळ्यांवर डाफरत राहिले. "रडू दे. केस येत्यात परत. केसांनी काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. आई खाटेवरून म्हणाली, "बरं केलंस. लगीच बघितलंस."

मी हातातली घागर कोपऱ्यात ठेवली.

"माझंच चुकलं तवा," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल माझ्याशी बोलत होती. "अकरा वर्सांच्या पोरीवर टाकाय नगं हुतं. माझी पोर लई शाणी म्हणून गावभर मिरवत हुते मी. तुला काय दिसनार? दाट केस तिचं. डोकं धुताना माझ्या बोटांस्नी लागलं खवडं, तवा कळलं मला. तुला दिसलंच न्हाईत. मिठाचं पानी बी नीट लागलं नसंल. तुझा काय दोष न्हाय त्यात. म्हणून तुला कदी बोलले न्हाय. पोर मनाला लावून घिल म्हणून."

मी खाली बसले. सगळी वर्षं मी समजत होते की मला एकटीला माहीत आहे. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ती मला सांभाळत होती. माझी चूक भाबडी आहे असं समजून तिनं ती स्वतःच्या माथ्यावर घेतली होती. आता गप्प बसले असते तर तसंच राहिलं असतं. ती तशीच गेली असती, मला निर्दोष समजून. पण मला सोसवलं नाही. मला मोकळं व्हायचं होतं. खरं तेच लिहिते, तेव्हा मी तिचा विचार केला नाही, माझा केला.

"दिसलं हुतं मला," मी म्हणाले. "आई, मला दिसलं हुतं सगळं. तिला झोंबलं बी हुतं. डोळ्यातनं पानी आलं तिच्या. तिनंच म्हणलं, सांगू नको. डोकं भादरलं तर करवली हुता येनार न्हाय म्हणून. म्हणून मी न्हाय म्हणलं."

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं ती शिव्या देईल. मी त्याची तयारी केली होती. माझा हात हातात घेईल, जाऊ दे म्हणेल, अशीही एक वेडी आशा होती. इतकी वर्षं मी मनात हे बोलणं घोळवलं होतं, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं.

"तिनं म्हणलं, सांगू नको?"

"व्हय."

"माझं भ्या वाटत हुतं व्हय गं तिला?"

हा प्रश्न मात्र मी कधी घोळवला नव्हता. मी म्हणाले, "तुझं न्हाय गं. वस्तऱ्याचं. लग्नात मिरवायचं हुतं तिला."

आई उठून बसली. कधीपासून तिला कुणी टेकू दिल्याशिवाय उठता येत नव्हतं, ती एकटी उठून बसली. माझ्या दिशेनं हात पुढं केला, जणू मी तिच्याकडून काही घ्यायचं होतं.

"मग मला सांगायचं की," ती म्हणाली. "मी काय वैरीण हुते? लगीन झाल्यावर काढलं असतं केस. चार दिस काय हुतंय खवड्यानं? तंबाखू लावली नसती, फणीनं काढल्या असत्या उवा मी, बसले असते दिसभर. थांबले असते की गं मी चार दिस."

मी तिला झोपवलं. कडुनिंबाच्या पाण्याची वेळ झाली म्हणून मुलीला बोलावलं, तिचं डोकं धुतलं, तेल लावलं. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्यानंतर ती चार-पाच महिने जगली. माझ्यावर रागावली नाही, की मला जवळही घेतलं नाही. माझ्या हातचं जेवायची, औषध घ्यायची, मुलांशी बोलायची. पण मधेच, कुणी विचारलेलं नसताना, थांबून म्हणायची, "थांबले असते की मी." मुलांना वाटायचं आजी कुणाची तरी वाट बघतेय, आणि मुलं विचारायची, "कुणासाठी गं आजी?"

आई त्यांना काही सांगायची नाही. नुसतं माझ्याकडं बघायची.